अस्सल बरहुकूम

मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०२३चा शब्द म्हणून ‘ऑथेंटिक’ निवडला. एआयने खरं-खोटं ओळखणं अवघड करून ठेवल्याच्या काळात ही निवड साहजिकच होती. आपणही हा शब्द रोज वापरतो. मिसळ ऑथेंटिक, म्हणजे मूळ चवीची. सही ऑथेंटिक, म्हणजे खुद्द त्याच माणसाची. बातमी ऑथेंटिक, म्हणजे भरवशाची. माणूस ऑथेंटिक, म्हणजे आतबाहेर एकच. मग पुस्तक ऑथेंटिक असतं म्हणजे नेमकं काय असतं?

माझ्या धंद्यात या शब्दाच्या कुळातला ‘ऑथेंटिकेशन’ अगदी कोरडा आहे. तुम्ही जो असल्याचं सांगता तोच आहात का, एवढंच सर्व्हर तपासतो. तुमचा ओटीपी चोराच्या हाती लागला तर सर्व्हरच्या लेखी चोरही ऑथेंटिक. पुढची पायरी ऑथरायझेशन: तुम्हाला हे करायची परवानगी आहे का? या दोन्हींची गल्लत इतकी जुनी आहे की एचटीटीपीमधल्या ४०१ या एररचं नावच ‘अनऑथराइज्ड’ आहे, अर्थ मात्र ‘तुमची ओळख पटलेली नाही’ असा. ओळख पटूनही परवानगी नसेल तर ४०३ येतो. तुम्ही पाठवलेला मजकूर चांगला आहे की टुकार, हे दोन्ही पायऱ्यांवर कुणी विचारत नाही.

मराठीत ‘ऑथेंटिक’साठी दोन शब्द चटकन सुचतात. एक ‘अस्सल’, अरबीतून आलेला, मुळाशी नातं सांगणारा. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असा शेरा असायचा, म्हणजे नक्कलही खरी असू शकते, फक्त मुळाबरहुकूम हवी. दुसरा ‘प्रामाणिक’, ‘प्रमाण’वरून आलेला. ‘प्रमाणभाषा’ही त्याच घरातली. आता गंमत बघा. बोलीत लिहिणाऱ्याला आपण ‘अस्सल’ म्हणतो आणि ‘प्रमाण’ स्वतःकडे ठेवतो. कौतुक त्याचं, अधिकार आपला.

हे कुठे बोचतं, ते दया पवारांच्या ‘बलुतं’बद्दल बोलताना कळतं. १९७८ साली आलेलं हे आत्मकथन. त्याची शिफारस करताना लोक हमखास म्हणतात, ‘एकदम ऑथेंटिक! जगलं तसं लिहिलंय.’ पण या पुस्तकाची रचना आठवा. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच माणूस, मधोमध चिरलेला. शिकून, लिहून नाव मिळवलेला दया, आणि जे मागे टाकता येत नाही ते उचलून चालणारा दगडू. ही चीर जगण्यातून आली असेलही, पण कागदावर ती आपोआप उमटत नाही. कुणीतरी ती तशी मांडायचं ठरवावं लागतं. ‘जगलं तसं लिहिलंय’ म्हटलं की ठरवणारा लेखकच गायब होतो. उरतो फक्त साक्षीदार.

अनुभवाचा आग्रह चुकीचा आहे, असं मी म्हणत नाही. शतकानुशतकं ज्यांच्याबद्दल दुसरेच बोलत आले, त्यांनी ‘आमचं आम्ही सांगू’ म्हणणं हा हक्काचा दावा होता. शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी करताना जुन्या फूटपट्ट्या नाकारल्या, त्या याच कारणाने. तो प्रश्न ऑथरायझेशनचा होता: बोलायचा अधिकार कुणाचा? आपण वाचकांनी त्याचं ऑथेंटिकेशन करून टाकलं. आडनाव पाहिलं, जात पाहिली, गाव पाहिलं, लॉगिन दिलं. मग वाचायचं राहून गेलं.

सवर्ण लेखकाने आजोळच्या वाड्यावर लिहिलं की आपण शैली, निवेदन, रूपबंध असं सगळं काढतो. तोही जगलेलंच लिहीत असतो, पण त्याच्याकडे कुणी ओळखपत्र मागत नाही. म्हणजे ‘ऑथेंटिक’ ही स्तुती आपण ठरावीक लोकांसाठीच राखून ठेवली आहे, आणि ती देताना त्यांची कारागिरी काढून घेतो.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या पुस्तकाबद्दल ‘ऑथेंटिक’ टाइप कराल तेव्हा तो शब्द खोडून नेमकं काय म्हणायचंय ते लिहून बघा. तपशील खरे वाटले? भाषा त्या माणसांची वाटली? की लेखकाचं आडनाव पाहून विश्वास बसला? पहिल्या दोन उत्तरांतून समीक्षा सुरू होते. तिसरं उत्तर आलं, तर पुस्तक अजून उघडायचंच आहे.