परिवर्तनाचे नेतृत्व आणि परिवर्तनाचे आयुष्य

मोठ्या उद्योगसंस्थांत घडवून आणलेल्या परिवर्तनाविषयीचे वाङ्मय वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. परिवर्तन कसे सुरू करावे, याची चर्चा तेथे विपुल आहे. ते किती काळ टिकले, याची चर्चा फारच थोडी. या उणिवेचा विचार करण्यास ए. के. राइस यांचा अहमदाबादच्या प्रयोगावरील 1958 चा ग्रंथ आजही उपयोगी पडतो. त्याच्या गुणांनी तो उपयोगी आहे, तसाच मर्यादांनीही.

राइस हे लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे अभ्यासक. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते, परंतु अपेक्षित उत्पादन येत नव्हते. 224 मागांच्या त्या साळखात्यात कामाची विभागणी बारा प्रकारच्या कामगारांत केलेली होती. विणकराकडे 24 किंवा 32 माग, कांड्या भरणाऱ्याकडे 40 ते 50, जॉबरकडे 112, तर तेल घालणाऱ्याकडे सर्वच्या सर्व. परिणामी एका मागाशी संबंध असलेली माणसे अनेक. पण तो माग आपला, असे म्हणणारा कोणीच नाही. दोष यंत्राचा नव्हता आणि कामगाराचाही नव्हता; तो रचनेचा होता, हे राइस यांचे निदान मार्मिक होते.

1953 साली त्यांनी मागांचे गट पाडून प्रत्येक गट एका लहान तुकडीकडे सोपविण्याची कल्पना मांडली. ती कामगारांनी तत्काळ उचलली आणि तुकड्या स्वतःच जमविल्या. कार्यक्षमता सुमारे 80 टक्क्यांवरून 95 टक्क्यांवर गेली. सदोष कापडाचे प्रमाण 32 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आले. पुढे 1954 मध्ये हाच प्रयोग साध्या मागांवर झाला, आणि ग्रंथाच्या उत्तरार्धात तर संपूर्ण कंपनीच्या व्यवस्थापनाच्या पुनर्रचनेपर्यंत विवेचन जाते. या यशाचे मोल जाणण्यासाठी मुंबईचा 1928 चा संप आठवावा. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळण्याची योजना हे त्या संपाचे एक प्रमुख कारण होते. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या थंड पडल्या. कामगाराला न विचारता लादलेली पुनर्रचना आणि कामगाराने स्वतः हाती घेतलेली पुनर्रचना यांतील अंतर या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

तथापि समीक्षकाला येथे थांबता येत नाही. राइस यांचे आकडे प्रयोगाच्या आरंभीच्या काळातले आहेत. नवी योजना, परदेशी तज्ज्ञाची उपस्थिती, वरिष्ठांचे बारीक लक्ष आणि वेतनाचा प्रश्न यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. काळाची कसोटी लावली ती राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी. 1970 मध्ये त्यांनी केलेल्या पाहणीचा वृत्तान्त 1975 साली प्रसिद्ध झाला. साध्या मागांच्या मूळ खात्यात तुकड्यांची पद्धत आणि तिचे फळ सोळा वर्षांनंतरही जवळजवळ तसेच होते. अन्यत्र मात्र काम कमीअधिक प्रमाणात जुन्या वळणावर गेले होते. बाहेरील परिस्थिती पालटल्यावर तिचे आघात सोसण्याइतक्या तुकड्यांच्या सीमा चिवट राहिल्या नाहीत, असे मिलर यांचे स्पष्टीकरण आहे.

हे स्पष्टीकरण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाजाराची मागणी पालटली की कापडाचे वाण पालटते. सूत हलके आले की ते वारंवार तुटते. उत्पादन घसरले की वरिष्ठ अधिकारी तुकडीच्या कामात हात घालतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्या स्वायत्ततेवर परिवर्तन उभे असते, तीच अशा हस्तक्षेपाने झिजते. कोणी विरोध केला नाही, कोणी आदेश रद्द केला नाही, तरीही परिवर्तन नाहीसे झाले.

या पार्श्वभूमीवर जॉन कॉटर यांच्या 1996 च्या प्रसिद्ध ग्रंथातील आठ पायऱ्या तपासून पाहाव्यात. निकडीची जाणीव निर्माण करणे ही त्यांतील पहिली, आणि नवी रीत संस्थेच्या संस्कृतीत रुजविणे ही शेवटची. ग्रंथ सुबोध आहे आणि अनुभवी माणसाने लिहिलेला आहे. परंतु त्यात आधार दिलेले नाहीत, त्यामुळे त्यातील विधाने पडताळून पाहण्याची सोय वाचकाला उरत नाही. कॉटर यांना टिकाऊपणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी तो विचार अखेरीस ठेवला आणि मुख्यतः संस्कृतीच्या अंगाने केला, एवढाच आमचा आक्षेप आहे. अहमदाबादेत कामगारांचे मन पालटले नाही म्हणून पद्धत मोडली, असे मिलर यांच्या वृत्तान्तावरून दिसत नाही. तिचे संरक्षण करणे हे कोणाचेच काम ठरलेले नव्हते, असे आम्ही त्यावरून अनुमान करतो.

तेव्हा नेतृत्वाची कसोटी आरंभाच्या उत्साहात शोधून चालणार नाही. अडचणीच्या दिवशी, उत्पादन घसरत असता, नेत्याने आपला हात किती आवरला आणि खालच्या तुकडीवर येणारा बाहेरचा ताण स्वतः किती पेलला, हे पाहावे लागेल. पदव्युत्तर प्रबंधांत परिवर्तनानंतर सहा महिन्यांनी प्रश्नावली भरून घेऊन यशाचा निर्णय देण्याची प्रथा आहे. अशा प्रबंधाला अहमदाबादेत आरंभीच्या काळात सर्वच खात्यांत यश दिसले असते. त्यांतले कोणते खरे, हे कळण्यासाठी 1970 पर्यंत थांबावे लागले. त्या गिरण्या आज बंद पडल्या आहेत; मात्र तेथे निर्माण झालेला प्रश्न आपल्या अभ्यासकांनी अद्याप पुरता हाती घेतलेला नाही.