खाण कुणी बंद केली?

अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी पुष्कळदा वाचली होती. ती खरी उलगडली बाजारकुणंगला, एका पावसाळी रात्री मोठ्याने वाचून दाखवताना. जोयडा तालुक्यातलं हे गाव रानातलं. पाऊस लागला की दिवेलागणीनंतर चुलीजवळच बैठक जमते. कथानायक भीमा ज्या खाणीवर काम करतो ती बंद पडते, तिथवर मी आलो आणि ऐकणाऱ्यांतल्या एका आजोबांनी मला थांबवलं. “खाण कुणी बंद केली?”

मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. अण्णाभाऊंनी ते सांगितलेलंच नाही. खाण बंद पडते, एवढंच. आजोबा म्हणाले, “वाचा पुढं.” मी वाचत गेलो, पण तो प्रश्न शेवटच्या ओळीपर्यंत माझ्याबरोबर राहिला.

कथा सुरू होते ती एका बातमीने. जवळच्या गावात कुणी बडा माणूस मेला आहे, त्याला पुरलं आहे. ही बातमी ऐकून भीमा सावध होतो. का, ते आपल्याला लगेच कळत नाही. अण्णाभाऊ आपल्याला मागे नेतात. वारणाकाठचा हा गडी. अंगात पहिलवानाची ताकद, पण गावात त्या ताकदीला काम नाही. म्हणून मुंबई. तिथेही वणवण, म्हणून उपनगराच्या टोकाला, रानालगतच्या दगडाच्या खाणीवर. पहार हातात आली आणि डोंगर मागे सरू लागला. सहा महिने बरे गेले. मग खाण बंद. ओढ्याकाठी चितेची राख दिसते, त्या राखेत सोनं चमकतं. म्हणून राख चाळणं. आणि राखेवर भागेना म्हणून पुरलेली प्रेतं उकरणं.

ही साखळी ‘म्हणून’ने जोडलेली आहे. नुसतं ‘मग, मग’ करत गेलेली गोष्ट ऐकायला बरी असते, पण तिला कथानक म्हणता येत नाही. खाण बंद पडणं सोडलं तर इथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने ढकललेली आहे. आणि ही मागची हकिगत अण्णाभाऊंनी नेमकी कुठे ठेवली, ते पाहावं. पहिल्याच परिच्छेदात भीमा प्रेत उकरताना दिसला असता तर आपण तोंड फिरवलं असतं. ते आधी त्याची भूक दाखवतात, बायको-लेकीचं घर दाखवतात, आणि मगच त्या बातमीच्या रात्रीकडे परत येतात. तोवर आपण त्याच्या बाजूचे झालेलो असतो. वाईट काम करणाऱ्या माणसामागे वाचकाला चालत नेणं हे फार अवघड, आणि इथे ते केवळ प्रसंगांच्या क्रमाने साधलं आहे.

संघर्ष म्हटला की या कथेतली कोल्ह्यांशी झालेली झटापट सगळ्यांना आठवते. तिचं वर्णन थरारक आहेच. ताज्या थडग्यावर कोल्हे जमलेले, भीमा एकटा, अंधार, चावे, रक्त. पण मला त्या झटापटीत शत्रू दिसतच नाही. कोल्हे भुकेले आहेत, भीमाही भुकेला आहे. दोघं एकाच खड्ड्यावर आले आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा. भीमाची बायको भुताखेतांना भिते, त्याला जाऊ नको म्हणते. तोही संघर्ष आहे, घरातला आणि हळवा. अण्णाभाऊ त्यावर फार रेंगाळत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष एका अवयवावर आहे: भीमाच्या हातावर.

याच हाताने खाण फोडली. याच हाताने राख चाळली. आणि त्या रात्री प्रेताच्या तोंडातल्या सोन्यासाठी त्याने पहारीने जबडा उघडला, बोटं आत घातली, पहार निघाली आणि जबडा बोटांवर मिटला. प्रसंग अंगावर काटा आणतो. ही निरगाठ अचानक पडलेली नाही. पहार खाणीतून आलेली, बोटं खाणीतली, फक्त दगडाच्या जागी मेलेल्या माणसाचा जबडा. ना. सी. फडक्यांच्या काळात मराठी कथेत तंत्राची फार चर्चा झाली. निरगाठ कशी घालावी आणि उकल कशी करावी, याचे जणू धडेच दिले गेले. वाटेगावच्या, शाळेत फारसं न गेलेल्या या लेखकाने घातलेली गाठ त्या धड्यांतल्या कुठल्याही गाठीपेक्षा घट्ट आहे.

शेवटी भीमा सुटतो, पण दोन बोटं जातात. डॉक्टर ती कापतो, आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. हा शेवट काहींना योगायोगाचा वाटतो. मलाही पूर्वी वाटायचा. आजोबांच्या प्रश्नानंतर वाटेनासा झाला. खाण बंद पडली तेव्हा कारण सांगितलं गेलं नाही, सुरू झाली तेव्हाही नाही. भीमाचा खरा प्रतिस्पर्धी कथेत दोनदाच येतो, दोन्ही वेळा बिनचेहऱ्याचा, केवळ बातमी होऊन. त्याच्याशी लढता येत नाही, म्हणून भीमा कोल्ह्यांशी लढतो.

हा प्रश्न बाजारकुणंगात विचारला गेला याचं मला नवल वाटत नाही. या तालुक्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या आणि बंद पडल्या. काळी नदीवर सुपे धरण झालं, जुनं सुपे पाण्याखाली गेलं, माणसं रामनगरला बसवली गेली. इथली कितीतरी माणसं आजही कामासाठी गोव्याकडे उतरतात. जगणं बदलणारे निर्णय दूर कुठेतरी होतात आणि रानात बातमी होऊन पोचतात, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ‘माझी मैना गावावर राहिली’ या आपल्या छक्कडमध्ये अण्णाभाऊंनी बेळगावबरोबर कारवारचं नाव घेतलं होतं. त्याच कारवारच्या, म्हणजे उत्तर कन्नड, जिल्ह्यातल्या एका चुलीजवळ त्यांची कथा अशी पोचावी, याचा मला मनापासून आनंद झाला.

भीमा लहान मुलासारखा रडतो आणि कथा थांबते. मी पुस्तक मिटलं. बराच वेळ फक्त पागोळ्या वाजत होत्या. मग आजोबांनी आणखी एक प्रश्न विचारला: आठ बोटांच्या गड्याला खाणीवर घेतील का?

ते ठरवणारा माणूसही कथेत नाही.