अक्षर कशाला म्हणावे? : देवनागरी सॉफ्टवेअरची दृष्टी आणि धोरण

सॉफ्टवेअर-उत्पादनांविषयीच्या लेखनात ‘दृष्टी’ आणि ‘धोरण’ हे शब्द जोडीने वावरतात, आणि बहुधा जोडीनेच अर्थ हरवून बसतात. दृष्टी म्हणजे अहवालाच्या पहिल्या पानावरील एखादे भारदस्त वाक्य आणि धोरण म्हणजे बाजारपेठ हस्तगत करण्याचा आराखडा, अशी सोयीस्कर वाटणी झालेली दिसते. वस्तुतः दृष्टी अशा वाक्यांत नसतेच. ज्या द्रव्यावर उत्पादन काम करते त्याचा मूळ घटक कोणता मानला, या निर्णयात ती असते. देवनागरीसाठी भारतात निर्माण झालेल्या सॉफ्टवेअरचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

येथील मूळ प्रश्न भाषाशास्त्राचा आहे: संगणकाने जतन करावयाचे अक्षर म्हणजे उच्चाराचा घटक, की कागदावरील आकृती? ‘किती’ हा शब्द उच्चारक्रमाने साठविल्यास प्रथम क आणि मग इकार येतो. आकृतीच्या क्रमाने साठविल्यास वेलांटी आधी आणि क नंतर. ‘सूर्य’ या शब्दातील र उच्चारात य-पूर्वी येतो, परंतु त्याचा रफार य लिहून झाल्यावर द्यावा लागतो. १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्राने पहिला पक्ष निःसंदिग्धपणे स्वीकारला. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली त्याच विचाराची. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींची वर्णमाला एक, म्हणून संकेतही एक. लिपी ही केवळ प्रकटीकरणाची बाब. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाती, व्यंजने उजव्या हाती, आणि क-ची कळ मराठीला तीच बंगालीला, ही त्याच विचाराची फलश्रुती होय.

या दृष्टीचा मोठेपणा मान्य करूनही तिच्यात अतिव्याप्तीचा दोष आहे, हे सांगितलेच पाहिजे. तमिळ लिपीत महाप्राण व्यंजनांना स्वतंत्र चिन्हे नाहीत. तिला पंचवर्गांच्या चौकटीत बसविणे म्हणजे तिच्या अंगी बरीच रिकामी घरे लादणे होय. शिवाय मजकूर कोणत्या लिपीत दाखवावयाचा, हे अक्षरांच्या संकेतांत नसल्याने त्यासाठी निराळी खूण जोडावी लागे. सिद्धान्ताच्या प्रेमापोटी व्यवहाराची अडचण दुय्यम मानली गेली. तथापि हा दोष दुरुस्त होण्याजोगा होता. खरा घात झाला तो धोरणात.

जिस्टचे प्रारंभीचे धोरण संगणकात बसवावयाच्या कार्डावर उभे होते. इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रम त्यायोगे भारतीय लिपी दाखवू लागत, आणि त्या काळच्या यंत्रांची मर्यादा पाहता ते योग्यच होते. परंतु विंडोजचा प्रसार होताच पडद्यावर हवा तो टाइप उमटविणे सुलभ झाले आणि कार्डाचे प्रयोजन उरले नाही. मुद्रकांना हवी होती सुबक पाने, आणि तीही तत्काळ. त्यांची मागणी अवाजवी होती असे कोण म्हणेल? ती पुरविण्यासाठी निरनिराळ्या उत्पादकांनी आपापले टाइप काढले आणि रोमन अक्षरांच्या घरांत मात्रा, वेलांट्या, अर्धी व्यंजने आपापल्या मर्जीने बसविली. विशेष म्हणजे उच्चाराचा पक्ष मांडणाऱ्या सी-डॅकनेही ‘इस्फॉक’ नावाची आकृतिसंकेतांची व्यवस्था सिद्ध केली आणि तीवर आधारलेले टाइप प्रचारात आणले. कळा दाबताना वापरणारा उच्चारक्रमाने लिहीत असे; साठत मात्र आकृती. दृष्टी कळफलकापुरती शिल्लक राहिली.

परिणाम दूरगामी झाले. अशा रीतीने साठविलेल्या शब्दांची संकेतक्रमाने यादी लावली तर ‘किती’, ‘दिवा’ आणि ‘मिठाई’ हे शब्द वेलांटीच्या आधाराने शेजारी येतात. कोशकाराने हसावे की रडावे! तो विशिष्ट टाइप नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक पुंजका दिसतो. त्या काळात जुळविलेल्या मराठी मजकुराचा भाषाभ्यासासाठी संग्रह करू पाहणाऱ्यास म्हणूनच प्रथम परिवर्तकाच्या मागे लागावे लागते, आणि प्रत्येक टाइपासाठी परिवर्तक निराळा. मुद्रित पान साधले, मजकूर गमावला. उत्पादकांच्या दृष्टीने मात्र हा तोटा नव्हता. आपल्याच टाइपात बांधला गेलेला ग्राहक सहसा सोडून जात नाही.

युनिकोडने १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. उच्चाराचा पक्ष राहिला, अतिव्याप्ती गेली. विंडोज २००० पासून ही व्यवस्था सामान्य संगणकावर उपलब्ध झाली. तरीही मराठीच्या वाट्याला विलंब आलाच: ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, हा भेद दाखविणारा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: इस्कीच्या परंपरेने ऱ-ला हलन्त जोडून, किंवा युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी ठेवलेल्या रीतीने, साध्या र्-पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात. केवळ संकेतांची तुलना करणाऱ्या शोधाला मात्र एकीवरून दुसरी सापडत नाही.