‘ते’पासून ‘आम्ही’पर्यंत : ऊजरू नूनुकल यांच्या कवितेचे स्मरण

प्रस्तावना :
कविता अन्याय दूर करू शकते काय, हा समीक्षेतील जुना प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील आदिवासी कवयित्री ऊजरू नूनुकल (१९२०-१९९३) यांच्या संदर्भात तो केवळ तात्त्विक उरत नाही. क्वीन्सलँडमधील स्ट्रॅडब्रोक बेटावर वाढलेल्या या कवयित्रीने तेराव्या वर्षी शाळा सोडून घरकामाची नोकरी पत्करली. पुढे १९६४ साली ‘वुई आर गोइंग’ हा त्यांचा संग्रह कॅथ वॉकर या नावाने प्रसिद्ध झाला. आदिवासी ऑस्ट्रेलियन व्यक्तीचा तो पहिला प्रकाशित काव्यसंग्रह होय.

अन्यायाचे स्वरूप :
१९०१ साली अमलात आलेल्या संविधानाच्या कलम १२७ नुसार लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरले जात नसे. कलम ५१ (२६) मुळे संघीय संसदेला त्यांच्यासाठी विशेष कायदे करता येत नव्हते. परिणामी हा समाज राज्यांच्या मर्जीवर सोडला गेला. २७ मे १९६७ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी हा भेद काढून टाकण्यास कौल दिला. या सार्वमताने मताधिकार मिळाला असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. संघीय निवडणुकांतील मताधिकार १९६२ सालीच मिळाला होता. १९६७ साली मिळाले ते मोजले जाणे.

कवितेचे कार्य :
शीर्षककवितेचे मर्म नेमके येथेच आहे. कवितेच्या आरंभी मूठभर आदिवासी मूकपणे एका गावात येतात. त्यांची पवित्र विधिभूमी आता कचरा टाकण्याची जागा झाली आहे. येथवर त्यांचा उल्लेख ‘ते’ असा होतो. नंतर मात्र ‘आम्ही’ बोलू लागतो आणि परंपरा, निसर्ग, भूमी यांच्याशी स्वतःचे तादात्म्य सांगतो. ज्यांना मोजले जात नव्हते, ते सर्वनामाच्या या बदलातून बोलणारे होतात. म्हणूनच वरकरणी विलापिका वाटणारी ही कविता अस्तित्वाचा दावाही ठरते.

तत्कालीन काही समीक्षकांनी या कवितेला प्रचार म्हटले. मराठीत दलित कवितेवर झालेला आक्षेप येथे सहज आठवतो. सनदेच्या भाषेतील त्यांच्या काही रचनांत घोषणा कवितेवर मात करते, हे मान्य करावे लागते. तथापि, शहरी डांबरात अडकलेल्या निलगिरीच्या झाडावरील कवितेत कवयित्री त्या झाडाला आपला सहनागरिक मानते आणि एका प्रतिमेतून समग्र विस्थापन उभे करते. तिला प्रचार म्हणणे अन्यायाचे ठरेल.

समारोप :
ऊजरू यांनी स्वतः या विजयाला अंतिम मानले नाही. १९७० साली मिळालेला ब्रिटिश सन्मान त्यांनी १९८७ साली, वसाहतीच्या द्विशताब्दीचा निषेध म्हणून परत केला आणि आदिवासी नाव धारण केले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी आदिवासींना संविधानात सल्लागार प्रतिनिधित्व देण्याचा प्रस्ताव सार्वमतात फेटाळला गेला. मोजले जाणे आणि ऐकले जाणे यांतील अंतर यावरून स्पष्ट होते. १९६७ च्या यशाचे श्रेय एकट्या कवितेचे नाही. परंतु कायद्याने ज्यांना वगळले होते, त्यांना ‘आम्ही’ म्हणण्याची भाषा या कवितेने दिली, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.