कातडीआडची डबी

कीमो पोर्ट हातात घेऊन न्याहाळावा असा असतो, पण ज्याच्यासाठी तो घडवला त्याच्या छातीच्या कातडीखाली तो बसलेला. टायटॅनियमची किंवा प्लॅस्टिकची इवलीशी डबी, वर सिलिकॉनचा जाड पडदा आणि बाजूने निघालेली मऊ नळी, जिचं टोक शिरेतून थेट हृदयाच्या दाराशी. 1973 साली आलेल्या ब्रोव्हियाक नळीचं तोंड छातीबाहेर लोंबत राहायचं. 1982मध्ये सर्जन नीडरह्यूबर यांनी कॅन्सरच्या रुग्णांत सगळा कारभारच कातडीआड नेला. पोरांना पुन्हा मनसोक्त डुंबता येऊ लागलं.

माझी खरी दाद त्या पडद्याला आणि त्याच्या जोडीदार ह्यूबर सुईला. साधी पोकळ सुई सिलिकॉनचा कण कापून नेते. हिचं टोक किंचित वळलेलं, म्हणून ती नुसती वाट काढत शिरते. बाहेर आली की पडदा मिटतो, शेकडो टोचण्यांनंतरही. काही पोर्टांवर तीन बारीक उंचवटे असतात, ते नर्सच्या बोटांसाठी. औषध सोडण्याआधी रक्त मागे येतंय ना ते बघायचं, कारण व्हिन्क्रिस्टिनसारखं औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. सलाइन सोडलं की कित्येक मुलांच्या तोंडात खारट चव येते; त्यावर उतारा चघळायच्या गोळीचा. ही चव काही कुठल्या आराखड्यात नव्हती!

अमेरिकेत अटलांटाजवळच्या अल्फारेटातून 400 नंबरच्या हायवेने दक्षिणेला गेलं की मुलांचं स्कॉटिश राइट हॉस्पिटल लागतं. पोर्टवरची कातडी सुन्न करणारं मलम सुईच्या तासभर आधी लावायचं, म्हणजे ट्रॅफिक धरून हिशेब आईनेच करायचा. तिथल्या कॅन्सर विभागाला अफ्लॅक या विमा कंपनीचं नाव आहे. तिच्या जाहिरातीतल्या बदकाचं स्प्राउटेल या कंपनीने 2018मध्ये रोबो खेळणं केलं. कॅन्सरच्या मुलांना ते फुकट मिळतं. जाहिरात आहेच, नाही कशाला म्हणा. त्याची धडधड, भावना दाखवणारी कार्डं ठीकच. करामत आहे ती खोट्या सलाइनच्या नळीत. ती बदकाच्या छातीला लावून मूलच त्याला कीमो देतं. एरवी ज्याच्या छातीशी सदान्‌कदा दुसऱ्यांचे हात, ते मूल इथे नर्स. बदकाला ‘हलू नकोस हं’ म्हणायचं की ‘आता तोंड खारट होईल’, हे सांगायला मोठं माणूस लागत नाही.