शोधनिबंधाची अंगे आणि निष्कर्षाची घाई

धम्माच्या इतिहासाविषयीच्या अनेक शोधनिबंधांत प्रस्तावना, साधने, विवेचन व निष्कर्ष ही अंगे मथळ्यांपुरतीच उरलेली दिसतात. निष्कर्ष प्रस्तावनेतच ठरलेला असतो आणि पुढील पृष्ठे त्याची पुनरुक्ती करतात. या दोषाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून आम्ही नृसिंहवाडीचे उदाहरण घेतो.

शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगा संगमावरील या दत्तक्षेत्री पादुकांची पूजा होते व औदुंबर वृक्ष पवित्र मानला जातो. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे दोन गोष्टी सहज आठवतात. सांची व अमरावतीच्या प्राचीन शिल्पांत बुद्धाचे अस्तित्व पदचिन्हांनी सूचित केले आहे. तसेच बुद्धवंसानुसार कोणागमन बुद्धाचा बोधिवृक्ष औदुंबर होता, आणि त्याच्या स्तूपाचा विस्तार केल्याचे सम्राट अशोकाने निगाली सागर येथील स्तंभलेखात नमूद केले आहे. एवढ्या साम्यावरून हे स्थान मूळचे बौद्ध होते असे लिहून टाकण्याचा मोह होतो.

निबंधाची अंगे असतात ती हा मोह आवरण्यासाठीच. प्रस्तावनेने उत्तर देऊ नये, प्रश्न विचारावा : या स्थानी पादपूजा केव्हापासून आहे? साधनांच्या विभागात गुरुचरित्राची दखल घ्यावीच लागेल. त्यात या परिसरातील अमरेश्वर व चौसष्ट योगिनी यांचा उल्लेख येतो. म्हणजे दत्तसंप्रदायाखालच्या थराचा शोध घेताना हाती प्रथम लागतात ते शैव-शाक्त धागे. गृहीतकास प्रतिकूल असलेला हा उल्लेख जो निबंध गाळतो, त्याचे विवेचन आम्ही प्रामाणिक मानू शकत नाही. कोल्हापूर शहरात ब्राह्मी लेखासह धातुकरंडक मिळाला आहे, आणि १९४५-४६ च्या ब्रह्मपुरी उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली आहे. परंतु हे पुरावे कोल्हापूरचे आहेत. ते पार्श्वभूमीत शोभतात. वाडीच्या निष्कर्षात त्यांना स्थान नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांच्याकडेच पुरावा मागणे अन्यायाचे नाही काय? आक्षेप गंभीर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या मूळाविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. दुवे तुटलेले असतील तेथे अनुमानाचा आधार घेण्याचा संशोधकाचा अधिकार त्यांनी ठामपणे मांडला. मात्र अनुमानास त्यांनी अनुमानच म्हटले.

निबंधरचनेचा वस्तुपाठही त्यांच्याकडेच मिळतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात प्रथम सेनार, नेसफील्ड, रिस्ले व केतकर यांच्या व्याख्यांची छाननी आहे. नंतर जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मर्म असल्याचे प्रतिपादन येते. पुढे सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांची त्याच सूत्राने उपपत्ती लावली आहे आणि अखेरीस निष्कर्षांचा सारांश दिला आहे. आपला सिद्धान्त टिकत नसल्याचे दिसल्यास तो सोडण्याची तयारीही त्यांनी तेथे दर्शविली. त्यावेळी ते पंचवीस वर्षांचे होते.

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे त्यांनी पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीविषयी केलेले विधान आमचे लेखक वारंवार उद्धृत करतात. या विषयावर प्रबंध लिहिण्याचा मनोदयही त्यांनी त्यासोबत व्यक्त केला होता, याचा मात्र विसर पडतो. त्यांच्या दृष्टीने ते विधान संशोधनाचा आरंभ होते. आम्ही त्यालाच शेवट मानून बसलो आहोत.

नृसिंहवाडीविषयी 'आज उपलब्ध साधनांवरून बौद्ध मूळ सिद्ध होत नाही. पादपूजा व वृक्षपूजेतील साम्य अधिक शोधास पात्र आहे' एवढाच निष्कर्ष आज लिहिता येईल. तो लहान आहे, पण विरोधकासही नाकारता येणार नाही. कार्ले, अजिंठा, नालासोपारा यांसारखा भक्कम वारसा असलेल्या समाजाने कच्च्या विधानांची भर घालू नये. एका डळमळीत निबंधामुळे दहा पक्क्या निबंधांवर अविश्वास दाखविण्याची संधी इतरांना मिळते. 'एहिपस्सिक', म्हणजे या आणि पाहा, असे ज्या धम्माचे लक्षण सांगितले आहे, त्याच्या अभ्यासकाने आपला निबंधही तपासणीसाठी तसाच खुला ठेवावा, असे आमचे मत आहे.