'द ग्रेट हॅक' आणि आपली मतदार यादी

मंडळी, गेल्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी सुचवलं की 'द ग्रेट हॅक' या माहितीपटावर बोला. करीम आमेर आणि जेहान नुजैम यांचा हा २०१९ सालचा चित्रपट मी पुन्हा पाहिला. बघण्यासारखा आहे, यात वाद नाही. पण आपल्याला, म्हणजे इथे एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या मतदाराला, तो भलत्याच गोष्टीची भीती घालतो असं माझं मत झालं आहे. का, ते सांगतो.

प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे. केंब्रिज ॲनालिटिका ही ब्रिटिश कंपनी, एका प्रश्नावलीच्या ॲपमधून तिच्याकडे गेलेली फेसबुकवरची माहिती, आणि मार्च २०१८ मध्ये झालेला गौप्यस्फोट. फेसबुकने तेव्हा जगभरातल्या ८ कोटी ७० लाख लोकांचा आकडा दिला. त्यात भारतातले सुमारे ५ लाख ६२ हजार. गंमत अशी की भारतात ते ॲप घेतलेले लोक होते फक्त ३३५! बाकीचे कुणाच्या तरी मित्रयादीत होते, म्हणून सापडले.

चित्रपट म्हणतो, कंपनीकडे प्रत्येक अमेरिकी मतदाराविषयी पाच हजार नोंदी होत्या. पडद्यावर माणसांच्या अंगातून ठिपके उडत जातात, आणि आपली अशी समजूत होते की आता कुणीही आपल्या मनाचं बटण दाबेल. पण हा दावा मुळात कोणाचा? कंपनीच्या विक्रेत्यांचा. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी तपास संपवून ऑक्टोबर २०२० मध्ये कळवलं की कंपनीच्या बऱ्याचशा पद्धती सर्रास वापरल्या जाणाऱ्याच होत्या, आणि आतल्या काही लोकांनाही त्यांच्याबद्दल शंका होती. माणूस म्हणजे बटणांची पेटी, हे तत्त्वज्ञान कंपनी विकत होती. चित्रपट कंपनीला आरोपी करतो, पण तिचा माल मात्र खरा मानतो.

याच चित्रपटात त्रिनिदादचा एक छोटा तुकडा आहे. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. कंपनीच्या सादरीकरणात सांगितलं जातं की तिथे तरुणांमध्ये मतदान न करण्याची मोहीम चालवली. हिशोब असा की भारतीय वंशाची मुलं शेवटी आईवडिलांचं ऐकून मत देणार, आफ्रिकी वंशाची देणार नाहीत. सादरीकरण आहे, तेव्हा फुशारकी धरून चाला. पण हिशोब बघा कसा आहे! मनाचा थांग वगैरे काही नाही. कुणाच्या घरात काय रीत, एवढं कळलं की झालं.

आणि ते कळायला आपल्याकडे फेसबुक कशाला हवं? मतदार यादी आहे ना. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक. वसईत नुसत्या आडनावावरून माणूस कोकणातला, गुजराती, उत्तर भारतीय की ख्रिस्ती, याचा अंदाज कुणीही बांधतो. तिला जोडा फॉर्म २०, म्हणजे केंद्रवार मतांचा तक्ता. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला साधारण एक लाख मतदान केंद्रं होती, म्हणजे एका केंद्रावर सरासरी हजारेक मतदार. मुंबई, ठाणे, पुण्यात तर काही केंद्रं गृहसंकुलांतच ठेवली होती. सोय झाली, नक्कीच. पण कुठल्या संकुलाने काय केलं तेही दिसायला लागलं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा नियम ५९अ खाली अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रांसाठी तशीच सोय करणारा 'टोटलायझर' निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवला, विधी आयोगाने २०१५ मध्ये उचलून धरला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला.

आता कुणी म्हणेल, सर, यात नवं काय? कार्यकर्ता पूर्वीही प्रत्येक घरात वेगळंच बोलायचा. बरोबर आहे, बोलायचा. पण त्याला तोंड होतं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका एकमेकींना विचारायच्या, तुला काय सांगून गेला? आणि खोटं पकडलं जायचं. फोनवरच्या जाहिरातीला नळ नाही. समजा, ए विंगला सांगितलं की टँकर बंद करून नळाचं पाणी आणू, आणि टँकरवाल्याला सांगितलं की तुझा धंदा सुरक्षित आहे. दोघंही खूश, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. यात कुणाच्याही मनावर ताबा मिळवलेला नाही. दोघांनी पूर्ण शुद्धीत मत दिलेलं आहे.

इथे मला कांट आठवतो. १७९५ च्या शाश्वत शांतीवरच्या निबंधाच्या परिशिष्टात त्याने एक कसोटी दिली. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंधित कृतीमागचं सूत्र उघड करताच ती कृती फसत असेल, तर ती अन्याय्य आहे. ए विंगची जाहिरात टँकरवाल्याला दाखवा, म्हणजे झालीच कसोटी.

२०२४ चा मार्च आठवा. आचारसंहिता लागल्यानंतरही 'विकसित भारत संपर्क'चे व्हॉट्सॲप संदेश लोकांना येत राहिले. २१ मार्चला आयोगाने माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ते थांबवायला सांगितलं. मंत्रालयाचं म्हणणं, संदेश आधीच पाठवले होते, नेटवर्कमुळे काही उशिरा पोहोचले. ते असो. माझा मुद्दा वेगळा आहे. एकच मजकूर असंख्य लोकांना आला, म्हणून तक्रार तरी झाली. प्रत्येकाला वेगळा आला असता, तर तक्रार कुणी आणि कशाची केली असती?

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ साध्या पत्रकावरही मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता मागतं. फोनवरच्या राजकीय जाहिरातींसाठी फेसबुक आणि गूगलची संग्रहालयं २०१९ पासून आपल्याकडे आहेत, तिथे पैसे कुणी दिले ते बघता येतं. पण ही जाहिरात मलाच का दाखवली आणि माझ्या शेजाऱ्याला काय दाखवली, हे काही त्यातून नीट कळत नाही. गूगलने वय, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरच निवडणूक जाहिराती रोखता येतील असं बंधन घातलं, ते चांगलंच आहे. पण ४०१२०८ म्हटलं की वसई पूर्व आलीच ना! माझी मागणी साधी आहे. प्रत्येक राजकीय जाहिरातीवर ती कुणाकुणाला आणि कशाच्या आधारे दाखवली हे छापलेलं असावं, आणि मतमोजणीत केंद्रं पुन्हा मिसळावीत.

मागच्या रांगेत हात वर आहे. विचारा.